शांत नाडी

१२ नोव्हेंबर, मंगळवार

थांबलं होतं. मंद झालं होतं असं नाही — थांबलं होतं! आमचा सर्जन विवेक सगळ्यांना सांगत सुटलाय, "थोडं स्लो झालं होतं, बस." सांगू दे. त्याला काय, तो पोटाकडे बघत होता. मॉनिटरकडे मी बघत होते.

नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

दामिनी. सव्वीस-सत्तावीसची असेल. दरेकसा गावची. पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून काढायचे. इतकी ऑपरेशनं झाली गोंदियाच्या या नर्सिंग होममध्ये, आता पोळ्या लाटाव्यात तशी मी भूल देते. सकाळी तपासलं तेव्हा बीपी पुस्तकातल्यासारखं, नाडी शांत. मनात म्हटलं, वा, धीराची बाई आहे! दिवाळीच्या आधी आली होती तेव्हा हिचंच बीपी इतकं चढलं होतं की मी टेबलवर घेतलंच नाही, परत पाठवलं. या खेपेला सगळं ठीक. "कुठली गोळी चालू आहे का तुला?" — "नाही जी." नेहमीचे प्रश्न, नेहमीची उत्तरं.

भूल दिली. श्वासाची नळी घातली. विवेकनं बेंबीपाशी छिद्र पाडून पोटात गॅस भरायला घेतला. पोट फुगल्याशिवाय दुर्बिणीला आत जागा होत नाही. आणि पोट फुगलं की आतलं आवरण ताणतं, आणि कधी कधी तिथून हृदयाला निरोप जातो — हळू चाल. सगळ्यांना नाही जात, काहींना जातो. म्हणून मी ठोके मंद होऊ न देणारं इंजेक्शन आधीच देते. आजही दिलं होतं. दिलं होतं म्हणजे दिलं होतं!

टिक टिक टिक टिक. मग टिक. मग मधे अंतर. मग आणखी लांब अंतर. आवाजही खाली उतरत गेला.

"विवेक, गॅस काढ!"

"एक मिनट मॅडम, बस हो गया..."

"अभी निकाल!"

आणि मग सरळ रेघ. मी मागायच्या आधी सिस्टर रीतानं भरलेली सिरिंज हातात ठेवली होती. उगाच नाही मी तिला इतकी वर्षं सोडत. औषध दिलं, छातीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबायला लागले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मशीनमधून पट्टी निघाली आहे, त्यावर असेल. मी ती बघितली नाही आणि बघणार नाही.

मग एक आला. मग दुसरा. मग बराच वेळ काही नाही असं वाटलं, आणि तिसरा.

ऑपरेशन तिथंच सोडलं. खडे आतच. दुपारी शुद्धीवर आली, मला ओळखलं, विचारते, "झालं का जी?"

मी म्हटलं, "नाही. पुन्हा करू." आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. 


१३ नोव्हेंबर

डोक्यातून गेलं नाही.


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज गाडी वळवायला इंडिकेटर लावला. टिक टिक टिक. आणि मी वाट बघायला लागले — आता हळू होणार. वळण तसंच राहून गेलं, मागचा ऑटोवाला ओरडला, "मॅडम, सो गये क्या?" भर बाजारात, भर दुपारी. 

दामिनीची उद्या सुट्टी. वॉर्डमध्ये गेले तर तिची सासू दारातच माझ्या पायावर वाकली. शामकलाबाई. काटक, उन्हानं रापलेली, पण सुनेला स्वतःच्या हातानं पेज भरवत होती. म्हणाली, "तुमी होते म्हणून माही सून दिसून राहिली जी. लोक सांगून राहिले ना सारे — डाक्टरीनबाईनं छाती दाबून जीव परत आणला."

 जीव गेला कसा, ते कोण सांगणार मला? भूल मी दिली. औषधं मी निवडली. ती झोपली तेव्हा तिचं हृदय माझ्या हवाली होतं. ज्याच्या ताब्यातून वस्तू हरवते त्याचेच पाय धरायचे, हा कुठला न्याय!

पिशवीभर चिन्नोर तांदूळही आणला होता. नाही म्हटलं तर रडायला लागली. घेतला. डब्यात ओतताना घरभर वास सुटला. भोजराज खूश. "आज खीर कर," म्हणाला. मला ते तांदूळ शिजवायचा धीर होत नाही, हे त्याला कसं सांगू? नवरा प्राध्यापक असला म्हणून सगळं कळतं असं नाही.


१८ नोव्हेंबर, सोमवार

आज तीन केसेस. तिघांनाही ते इंजेक्शन जरा जास्तच दिलं. हर्नियाच्या म्हाताऱ्याचं हृदय घोड्यासारखं पळायला लागलं. विवेकनं मॉनिटरकडे मान वळवली आणि म्हणाला, "मॅडम, इनको दौड में भेज रहे हो क्या?"

मला चीड आली. हसणं सोपं आहे. जास्त पळालं तर मला सांभाळता येतं, थांबलं तर... पण तो बरोबर होता. म्हाताऱ्याचं हृदय जुनं, त्याला इतकं पळवणं म्हणजे दुसऱ्या बाजूनं खड्ड्यात घालणं. भीतीनं औषधाचं माप चुकतं. रेसिडेन्सीत सरांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट, आणि मी या वयात ती विसरते आहे.

रीतानं पुढच्या वेळी सिरिंज देताना औषध किती भरलंय ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मुद्दाम! मला कळलं, आणि तिला कळलं की मला कळलं.


१९ नोव्हेंबर

नळ गळतोय स्वयंपाकघरातला. प्लंबर उद्या येतो म्हणतो. मी खाली फडकं घालून ठेवलंय, आवाज होऊ नये म्हणून.


२३ नोव्हेंबर, शनिवार

नागपूरचा रिपोर्ट आला. मीच पाठवलं होतं दामिनीला, हृदयाच्या डॉक्टरांकडे. सगळं उत्तम! झडपा उत्तम, ठोक्यांची लय उत्तम, वायरिंग उत्तम.

खरं लिहू? मला वाईट वाटलं. काहीतरी निघायला हवं होतं. छोटंसं. "अहो, हिच्या हृदयातच दोष होता, तुम्ही काय करणार!" असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. एका तरण्याताठ्या पोरीचं हृदय चांगलं आहे म्हणून मी हळहळले. काय माणूस झाले आहे मी!

म्हणजे हृदय चांगलं. इंजेक्शन दिलेलं. गॅसचा दाब फार नव्हता, विवेक घाई करत असला तरी तेवढा बेपर्वा नाही. मग का? पुन्हा पुन्हा तीच सकाळ उलगडते. बीपी छान. नाडी शांत. भूल. नळी. गॅस. कुठे काय सुटलं?

भोजराज म्हणतो, "प्रत्येक गोष्टीला कारण सापडतंच असं नाही, नीला."

त्याच्या कॉलेजात नसेल सापडत. माझ्याकडे सापडायलाच हवं. नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाला भूल कशी देऊ?


२६ नोव्हेंबर, मंगळवार

दामिनीचा नवरा आला होता, रोशन. सकाळच्या गाडीनं सालेकसा, आमगाव करत आला आणि ओपीडीच्या बाहेर बाकावर बसून राहिला.  दामिनीला पुन्हा पोटात दुखलं, मंडईच्या, म्हणजे गावच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी. गावात सगळीकडे पाहुणे, रात्रभर दंडारीचा खेळ, आणि ही आत गडबडा लोळत होती. आता तर डोळे पिवळे वाटतात म्हणाला.

मी म्हटलं, नागपूरला न्या. मोठं हॉस्पिटल, सगळ्या सोयी. मी चिठ्ठी देते.

"नागपुरात आमाले कोण ओळखते जी? इथं तुमी आहा."

"माझ्याच हातात तिचं हृदय थांबलं होतं, रोशन."

"अन् तुमच्याच हातानं चालू झालं ना. थांबलं तं चालू कराले येते तुमाले. तिकडच्याले येते का नाही, आमाले काय माहीत?"

 मी म्हटलं, विचार करून सांगते. तो म्हणाला, "मायनं सांगतलं, बाई नाही म्हणन तं तिथंच बसून राहाजो." आणि खरंच बसला होता की! मी निघाले तेव्हाही बाकावरच. उठून नमस्कार केला.


२७ नोव्हेंबर

डोळे पिवळे म्हणजे खडा पित्ताच्या नळीत सरकतो आहे. थांबता येणार नाही. मी नाही म्हटलं तर ते नागपूरला जाणार नाहीत, घरी बसतील. आणि घरी बसले तर ती जाईल. इतकं सरळ आहे हे. मग कशाला कुढत बसले आहे?

कारण मला तो आवाज पुन्हा ऐकायचा नाही. बस. एवढंच कारण आहे.


२९ नोव्हेंबर, शुक्रवार

हो म्हटलं. मंगळवार, तीन तारीख.

रीताला सांगितलं, त्या दिवशी दुसरी केस घ्यायची नाही. विवेकला सांगितलं, गॅस अगदी हळू भरायचा, कमी दाब, आणि मी "काढ" म्हटलं की काढायचा, "एक मिनट" नाही. तो म्हणाला, "मॅडम, उस दिन मेरी गलती थी क्या?"

त्यालाही झोप लागत नाही तर! मला बरं वाटलं. दुष्टपणा आहे, पण वाटलं. एकटीनं घाबरण्यापेक्षा दोघांनी घाबरलेलं बरं.


३ डिसेंबर, मंगळवार

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं!

सकाळी दामिनीला तपासायला गेले. बिचारी थरथरत होती. हात बर्फासारखे, ओठ सुकलेले, कपाळाला घाम, डोळे सारखे दाराकडे. स्वाभाविक आहे, कुणीही घाबरेल. मी मनगट धरलं.

नाडी शांत.

मी पुन्हा धरलं. दुसऱ्या हाताचं धरलं. शांत! नुसती शांत नाही, रेंगाळत चाललेली. बीपी छान. आणि पोरगी पानासारखी हलते आहे! घाबरलेल्या माणसाचं हृदय पळतं. पळायलाच हवं, त्याशिवाय दुसरं काही येत नाही त्याला. हिचं सगळं अंग घाबरलं आहे आणि हृदय तेवढं बाजेवर पडल्यासारखं निवांत. हे बसत नाही! कुणीतरी त्याला धरून ठेवलं आहे.

"दामिनी, सकाळी काय घेतलंस?"

"काई नाही जी. पाणीही नाही घेतलं."

"गोळी?"

तिनं सासूकडे बघितलं. शामकलाबाईंचा चेहरा नुसता उजळला, जणू बक्षीस मिळायची वेळ झाली. "देल्ली ना जी! माही रोजची देल्ली, बीपीची. दोन देल्ल्या. मागच्या बारीलेही दोन देल्ल्या होत्या. तुमी म्हणलं होतं ना, बीपी वाढला तं ऑपरेशन करत नाही, घरी जा. धान कापाचं टाकून आलतो आमी, अन् तसेच वापस गेलो. मंग मी वाढूच नाही देलं!"

पदराची गाठ सोडून पट्टी दाखवली. ॲटेनोलॉल. सरकारी दवाखान्यात मिळते, ती. बीपी उतरवते आणि ठोकेही बांधून ठेवते. दोन गोळ्या, त्यावर माझी भूल, त्यावर पोटात गॅस... ते हृदय थांबेल नाहीतर काय करेल! माझं एकटं इंजेक्शन त्याच्यापुढे कुठे पुरणार?

आणि मी काय केलं? ओरडले. इतकी वर्षं वॉर्डात कधी आवाज चढवला नव्हता, आज सगळ्या खाटांवरून माना वळल्या. "कळतंय का काय केलंत तुम्ही? या गोळीनं थांबलं होतं तिचं हृदय! या गोळीनं! तुम्ही मारत होता तिला स्वतःच्या हातानं!" पट्टी तिच्या हातातून ओढून घेतली आणि तिच्यासमोर बादलीत टाकली. "खबरदार या गोळीला पुन्हा हात लावलात तर!"

ती सुनेकडे बघत राहिली.

आजचं रद्द. गोळीचा अंमल पूर्ण उतरल्याशिवाय नाही. काविळीचा रिपोर्ट बघितला, वाट बघण्याइतकी सवड आहे. गुरुवारी बारा तारखेला घेऊ.

घरी येऊन दोन वेळा जेवले. भोजराजला म्हटलं, खीर करते. केली!


४ डिसेंबर, बुधवार

मी नव्हते. मी नव्हते! किती दिवसांनी गाडी चालवताना गुणगुणले.

चहाच्या वेळी रीताला म्हटलं, "काय अडाणीपणा बघ. दुसऱ्याची गोळी कुणी देतं का?"

रीतानं कप खाली ठेवला. "मॅडम, खराब नका मानू. सारेच देतात."

"सारे म्हणजे?"

"तुमी वापस पाठवता ना. कडक आहा. मंग गाडीत, जीपमधी लोक एकमेकाले सांगून देतात — भूलवाल्या मॅडमकडे जायचं तं सकाळीच बीपीची गोळी घेऊन घ्या, घरात कोणाची बी असो. नाही तं वापस."

"तुला माहीत होतं?"

"आयकलं होतं. मले वाटलं, बीपीच तं कमी होते, चांगलंच आहे ना."

 कडक. मला अभिमान होता या शब्दाचा! गोंदियात दुसरे भूलतज्ज्ञ चालवून घेतात, मी घेत नाही. बीपी वाढलं, जा घरी. पुढच्या आठवड्यात या. माझ्या लेखी तो एक वाक्याचा विषय होता. त्यांच्या लेखी बुडालेली मजुरी, पुन्हा गाडीभाडं, शेतात उभं धान. आणि मी कधी विचारलं नाही की पहिल्यांदा चढलेलं बीपी दुसऱ्यांदा इतकं शहाण्यासारखं का उतरतं. शांत नाडी दिसली की खूश व्हायचे. इतकी वर्षं खूश होत आले आहे.

कितीजणांच्या शांत नाड्या हातात धरल्या असतील मी?


६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी विहारात गेले. पांढरी साडी, मेणबत्ती, दरवर्षीसारखं. आई असती तर म्हणाली असती, डोकं खाली घाल आणि काम सुधार, रडतेस कशाला. बाहेर पडताना तेच ठरवलं.


९ डिसेंबर, सोमवार

नवी पद्धत सुरू. बीपी वाढलेलं दिसलं की परत नाही पाठवायचं. खुर्चीत बसवायचं, मी समोर बसायचं, गप्पा मारायच्या, मग पुन्हा मोजायचं. निम्म्यांचं आपोआप उतरतं! फक्त भीती असते. आणि खरंच जास्त असेल तर आजची रात्र वॉर्डातच, घरी नाही.

आणि प्रश्न बदलला. "तुला गोळी चालू आहे का" नाही, "घरात कुणाकुणाला काय चालू आहे, आणि त्यातलं तू काय घेतलंस?" रागवायचं नाही, हसत विचारायचं. काय काय निघालं! एका बाईनं नवऱ्याची साखरेची गोळी घेतली होती, "ताकद येते" म्हणून. एकानं शेजाऱ्याची झोपेची. कोहमाऱ्याच्या ढाबेवाल्यानं तर मोठ्या प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, एक पेग मारला, बीपीसाठी." रीता तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली.

विवेक म्हणतो, यात अर्धा तास जातो. जाऊ दे की अर्धा तास! तुझ्या "एक मिनट"पेक्षा बरा.

मंद ठोके रोखायला मी इंजेक्शनं मोजत बसले होते. खुर्ची मांडायची होती नुसती.


१२ डिसेंबर, गुरुवार

झालं. एकदाचं झालं!

दामिनीची नाडी सकाळी पळत होती. पळत! मला तिचा मुका घ्यावासा वाटला. "भीती वाटते का?" — "लय वाटते जी." म्हटलं, छान. वाटू दे.

इंजेक्शन मापात. जास्त नाही, कमी नाही. रीता भरलेल्या सिरिंजा ओळीनं मांडून उभी. विवेकनं गॅस इतका हळू भरला की मलाच ओरडून सांगावंसं वाटलं, अरे भर आता! ठोके थोडे उतरले.  "थांब," म्हटलं. तो थांबला. एकदाही "एक मिनट" नाही. ठोके तिथंच टेकले, मग हळूहळू वर आले. मी मान हलवली. त्यानं पुढे भरला.

खडे बघितले नंतर, वाटीत. मिरीएवढे. एवढ्याशा गोष्टीसाठी!

दामिनी उठली आणि पुन्हा तेच, "झालं का जी?" या वेळी म्हटलं, "झालं. आता उठून नाच."

बाहेर रोशन एकटाच. पाया पडायला वाकला, मी धरलं त्याला. विचारलं, आई नाही आल्या?

"नाही आली जी. म्हणे, माह्या हातानं काई नोको लागाले सुनेले. डोस्कंही दुखून राहिलं तिचं दोन-चार दिवसापासून. खळ्यावर धान हाये ना, उन्हात राबते."

"आराम करायला सांगा," म्हटलं. "आणि माझा राग नाही म्हणावं. मीच जास्त बोलले."

तो खूप हसला. "सांगतो ना जी! लय खूश होईल."


१४ डिसेंबर

आज गाडी वळवली. इंडिकेटर लावला होता, हे घरी आल्यावर आठवलं.


१७ डिसेंबर, मंगळवार

शामकलाबाईंना काल खळ्यावर झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इथं सरकारी दवाखान्यात आणलंय. रोशनचा फोन आला, मी धावत गेले. बीपीचा आकडा बघून मी विचारलं, गोळी चालू नव्हती का यांची?

दामिनी टाक्यांवर हात धरून उभी होती. म्हणाली, "तवापासून घेतलीच नाही जी आत्याबाईनं. आमी किती म्हणलं. म्हणे, ज्या गोळीनं माह्या सुनेचा जीव चालला होता, ते मी कायले खाऊ?"

रोजची ही गोळी एकदम सोडायची नसते. सोडली की बीपी उसळतं. त्या वॉर्डात त्या दिवशी हे एकट्या मला माहीत होतं. तिच्या सुनेनं काय घ्यायचं नाही ते मी ओरडून सांगितलं. तिनं काय घेत राहायचं ते सांगितलंच नाही.

तिनं मला ओळखलं. डाव्या हातानं दामिनीकडे बोट केलं, बघा, बरी आहे म्हणून. मग हात जोडायला गेली. दुसरा उचलेना, तेव्हा एकच कपाळाला लावला.